जहाजावर ह्यांचं पोट बिघडलं

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा

जहाज सुटलं. रडू आलं नाही.

लेकीला खात्री होती की येईल. धक्क्यावर सोडायला आली तेव्हा तिच्या पर्समध्ये कागदी रुमालांचं अख्खं पाकीट होतं. त्यातले चार तिनेच वापरले, दोन जावयांनी. मी एकही नाही. लिहून ठेवते, पुढे वाद झाला तर उपयोगी पडेल.

वाद जुना आहे. हे गेल्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून लेक म्हणतेय, आई, आमच्याकडे राहायला ये, एकटीनं राहणं तुला जमत नाहीये. न जमायला काय झालं, विचारलं. तर म्हणाली, तू अजून दोन कप चहा टाकतेस. मी म्हटलं, मला दोन कप लागतात.

शेवटी ठरलं ते असं. ही जहाजाची सफर ह्यांनीच ठरवली होती, दोघांची. ती लेकीने माझ्या एकटीच्या नावावर करून घेतली. पाच दिवस मी नीट पार पाडले तर माझं घर मला, पुन्हा विषय नाही. काही भानगड झाली, जहाजावरून तिला एक जरी फोन गेला, तर घराला कुलूप आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत. खोली चांगली आहे. खिडकी जिन्यात उघडते, त्यामुळे कोण आलं कोण गेलं ते कळतं.

भानगड होण्याचं कारणच नाही. मी तोंडावर बोलणारी बाई आहे. ज्यांच्या पोटात एक आणि ओठांवर दुसरं, भानगडी त्यांच्या होतात.

निश्चय. एक: कोणाशीही खोटं बोलायचं नाही. दोन: भूक नसताना खायचं नाही. तीन: बरोबर आणलेली कादंबरी, पानं सहाशे बारा, संपवायची.

शाळा माझी चौथीत सुटली, वाचन सुटलं नाही. आमच्या वाचनालयाची नऊ कपाटं मी वाचून काढली आहेत. दहाव्यात फक्त कुक्कुटपालन आहे. ही कादंबरी नवी आली तेव्हा ग्रंथपाल बाईंनी ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. त्याला सव्वा वर्ष झालं. हल्ली त्या परत मागत नाहीत. मी पान तीनवर आहे. ह्यांना शेवटचं पान आधी वाचायची खोड होती. वाचून जेवताना सांगून टाकायचे. त्यावरून आमचं चाळीस वर्षं भांडण. आता सांगणारं कोणी नाही, म्हणजे वाचनाचा वेग वाढायला हवा होता.

सामान लावलं. ह्यांचा करडा स्वेटर आणलाय, समुद्रावर वारा असतो. ह्यांचा चष्मा, माझा फुटला तर. ह्यांच्या चपला, कारण माझ्या चावतात. नको ते एकही सामान नाही.

१२ नोव्हेंबर, जेवून आल्यावर

जेवणघरात प्रत्येकाचं टेबल ठरलेलं आहे. माझं एकेचाळीस. चार खुर्च्या. समोर एक नवरा-बायको. बायकोने तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलंय, आता निवृत्त. बसल्याबसल्या माझी जीभ दाखवायला सांगितली. हिला मी केमिस्टबाई म्हणणार. नवरा ती म्हणेल त्याला हो म्हणतो. पावाला हो, सूपला हो, सूप गार झालंय यालाही हो. होयबा.

वाढपी चांगला माणूस आहे, मोठ्या मिशांचा. माझ्या शेजारची चौथी खुर्ची ओढून, हातात घडी घातलेला नॅपकिन धरून म्हणाला, साहेब येताहेत ना.

मी म्हटलं, येतील जरा वेळाने.

आता हे खोटं नव्हे. त्याने नॅपकिनची घडी इतकी मन लावून घातली होती की तोंडावर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. याला सौजन्य म्हणतात. तासभर त्याने सूप झाकून ठेवलं. मग केबिनमध्ये पाठवून दिलं. मी प्यायले. अन्न टाकू नये. शिवाय सूप पातळ असतं, दुसरा निश्चय जेवणाबद्दल आहे.

१३ नोव्हेंबर, दुपारी चार

जहाज बंदराला लागलं होतं. सगळे उतरले. मीही उतरून एक फेरी मारली. चांगलं होतं. कोणाला काही दाखवायचं नसलं की फेरी लवकर होते.

केमिस्टबाईंनी गाठलंच. अहो, तुमचे मिस्टर अजून दिसले नाहीत, खोलीत डांबून ठेवलंय की काय. मी म्हटलं, त्यांचे गुडघे धरलेत, जिना चढवत नाही. ही तर शंभर टक्के खरी गोष्ट. शेवटची दोन वर्षं गुडघ्यांनी फार छळलं त्यांना. नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, बघा, तुमचे पण धरणार आहेत. तो म्हणाला, हो.

मिशीवाल्याने आज भात, बटाटे, उकडलेली भाजी आणि दोन प्रकारची फळं केबिनमध्ये पाठवली. साहेबांसाठी. साहेबांना जिना चढवत नाही हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. संपवलं. पाठवणाऱ्याचा मान.

केबिन झाडणारा पन्नाशीचा आहे, नातवंडं आहेत त्याला. टॉवेलच्या घड्या घालून प्राणी करतो. काल हत्ती होता. आज दोन हंस, तोंडाला तोंड लावून. दुसरी उशी मी रोज सकाळी जरा चुरगळून ठेवते. ताठ ठेवलेली उशी डोळ्याला बरी दिसत नाही, बाकी काही नाही.

वाचन: पान तीन.

१४ नोव्हेंबर, सकाळी सहा दहा

आज दिवसभर जमीन नाही. नुसता समुद्र, ताटासारखा सपाट. असा दिवस मोकळेपणाने बोलायला चांगला.

ठरवलंय. नाश्त्याला टेबलावर सांगून टाकायचं. लोक उगीच दोन दोन ताटं पाठवताहेत, माझ्या पोटाने किती मान राखायचा. न्हाणीघरात आरशासमोर म्हणून बघितलं. माझे पती हयात नाहीत. हे अर्जासारखं वाटलं. दुसरं म्हणून बघणार होते, दोन शब्दांचं, पण नळ चालू होता. नळ चालू असताना नीट ऐकू येत नाही.

नाश्त्याला नक्की.

१४ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ

नाश्त्याला नाही. होयबाच्या तोंडात घास होता. घास घेतलेल्या माणसाला असलं काही सांगू नये, ठसका लागतो. मी घास संपायची वाट बघत होते. चाळीस मिनिटं. माणूस थांबतच नाही.

वाढपी म्हणाला, साहेबांसाठी टोस्ट पाठवतो. मी हात हलवला. त्याने तो होकार धरला असावा.

दुपारच्या जेवणाला सांगेन. दुपार नाश्त्यापेक्षा गंभीर असते.

१४ नोव्हेंबर, सकाळी नऊ चाळीस

डेकवर आले आहे. माणसाचा खरा स्वभाव जहाजाच्या खुर्च्यांवर दिसतो. पाटी लावली आहे: चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ वस्तू ठेवून खुर्ची अडवू नये, वस्तू उचलल्या जातील. तरी पहाटेपासून टॉवेल पसरलेत. एका खुर्चीवर नुसत्या सपाता आहेत. सपातांना ऊन कशाला हवं? एकीवर चष्म्याचं रिकामं घर. माणूस नाही, पण जागा त्याची. असल्या लोकांना काही वाटत कसं नाही.

मी कठड्याजवळच्या दोन खुर्च्या बघितल्या. एकीवर बसले, दुसरीवर ह्यांचा स्वेटर ठेवला. हे अडवणं नव्हे. त्या बाजूने वारा येतो.

वाचन सुरू करते.

१४ नोव्हेंबर, सकाळी पावणेअकरा

आता जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे माझी काही चूक नाही हे स्पष्ट होईल.

साडेदहाला खुर्च्यांवरचा माणूस आला. स्वेटरकडे बोट करून म्हणाला, बाई, ही खुर्ची पन्नास मिनिटं रिकामी आहे, स्वेटर उचलतो, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीतून घेऊन जा. मी म्हटलं, हात लावायचा नाही. जरा मोठ्याने निघालं असावं. माणसं वळून बघायला लागली. त्यात नेमक्या केमिस्टबाई.

त्या लगबगीने आल्या. म्हणाल्या, अगंबाई, मिस्टर वर आले वाटतं, कुठे आहेत. खुर्चीवाला म्हणाला, मीही तेच विचारतोय. दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, खाली गेले.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण केमिस्टबाईंनी विचारलं, गुडघे धरलेले असताना इतक्या घाईने का गेले.

मी म्हटलं, पोट बिघडलं.

खुर्चीवाल्याने स्वेटर राहू दिला. माझा उद्देश तेवढाच होता. केमिस्टबाईंचा चेहरा मात्र उजळला, दुकान पुन्हा उघडल्यासारखा. कधीपासून, किती वेळा, पातळ की कसं. मी म्हटलं, मी मोजलं नाही. त्या म्हणाल्या, हेच चुकतं बायकांचं.

वाचन: पान तीन.

१४ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा

केबिनच्या दाराशी केमिस्टबाई आल्या होत्या. मीठ-साखरेच्या पाण्याची मोठी बाटली. तासाला एक ग्लास त्यांना पाजा, मी संध्याकाळी रिकामी बाटली बघायला येते. आत डोकावत होत्या. मी दार हाताएवढंच उघडलं.

पाणी प्यायले. चव बरी आहे. मला अशक्तपणा नव्हता, आता तर मुळीच नाही.

१४ नोव्हेंबर, दुपारी बारा वीस

लाउडस्पीकरवर सांगितलं: सातव्या मजल्यावरच्या एका प्रवाशाला पोटाचा त्रास झाल्याचं कळलं आहे. साथ पसरू नये म्हणून आजपासून कोणीही स्वतःच्या हाताने वाढून घ्यायचं नाही. झारे, डाव, चिमटे सगळे काढून घेतले आहेत. कर्मचारी वाढतील. हात धुवा.

सातवा मजला माझा. पण सातव्यावर दीडशे केबिन आहेत. दुसरं कोणीतरी असणार.

१४ नोव्हेंबर, दुपारी पावणेदोन

दुसरं कोणी नाही.

केमिस्टबाईंनी दवाखान्यात जाऊन कळवलं. रांगेत मला अभिमानाने सांगितलं. म्हणाल्या, मला राहवेना, तीस वर्षांची सवय.

रांग जेवणघरातून निघून जिन्याने खाली गेली होती. हातमोजे घातलेला एकेक माणूस एकेकाला मोजून भात वाढत होता. पुढचा गृहस्थ म्हणाला, एका माणसाचं पोट आणि दोन हजार माणसांच्या हातातला चमचा काढून घेतला. मागची बाई म्हणाली, असल्यांनी घरी बसावं. मीही म्हटलं, खरंय, घरी बसावं. सगळे बोलत असताना गप्प बसणारा माणूस संशयास्पद दिसतो.

चौदा महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाने दोन हजार लोकांचं जेवण अडवून धरलं. जिवंतपणी ते कधी कोणाला रांगेत मागे सर म्हणाले नाहीत. त्यांना हे कळलं असतं तर खुर्चीवरून पडेपर्यंत हसले असते, आणि मग सगळ्यांची माफी मागत फिरले असते.

टेबलावर सांगणारच होते. पण वातावरण बघता हे वारले म्हटलं असतं तर लोकांना वाटलं असतं, साथीने.

चहाला सांगेन.

१४ नोव्हेंबर, दुपारी अडीच

नर्सबाई येऊन गेल्या. तोंडाला मास्क, हातात पेटी. पेशंट कुठे आहे.

मी म्हटलं, न्हाणीघरात.

न्हाणीघराचं दार मी बाहेरून लोटून घेतलं होतं आणि आत नळ सोडला होता. नळ आधीपासून जरा गळत होताच, मी त्याला मदत केली एवढंच. नर्सबाई दाराशी जाऊन म्हणाल्या, काका, ठीक आहात ना. नळ वाहत राहिला. त्या म्हणाल्या, बोलत नाहीत. मी म्हटलं, मितभाषी आहेत.

मग त्यांनी पेटीतून यादी काढली. नाव लिहून घेते, म्हणाल्या. यादीवर बोट फिरवत खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. माझ्याकडे बघितलं. स्लीपरकडे, म्हणजे ह्यांच्या चपलांकडे बघितलं. टेबलावरच्या चष्म्याकडे बघितलं. म्हणाल्या, या केबिनमध्ये एकाच माणसाचं नाव आहे. मी आलेच.

जाताना दार ओढून घेतलं, आणि बाहेर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या.

काळजीचं कारण नाही. यादीत चुका होतात.

१४ नोव्हेंबर, दुपारी चार

शेवटी आले. चौघे. छातीवर बिल्ले असलेले साहेब, त्यांचा एक आडदांड मदतनीस, नर्सबाई, आणि त्यांच्या मागे मान खाली घातलेला केबिन झाडणारा.

साहेब आवाज न चढवता बोलत होते. म्हणाले, बाई, जहाजावर नोंद नसलेला माणूस असणं हा गंभीर गुन्हा आहे. त्यांना बाहेर यायला सांगा. मी म्हटलं, ते येणार नाहीत. साहेब म्हणाले, मग आम्हाला आत जावं लागेल.

मदतनीसाने न्हाणीघर उघडलं. नळ बंद केला. पडदा सरकवला. मग कपाट उघडलं, वाकून पलंगाखाली बघितलं, बाहेरच्या गॅलरीत जाऊन कठड्यावरून खाली समुद्रात बघितलं. येऊन म्हणाला, सर, नाहीत. साहेबांनी स्वेटर हँगरवरून काढून उंची बघितली. म्हणाले, साधारण पाच-आठ, आणि ऑफिसला फोनवर तसं सांगितलं. बरोबर होतं. ते पाच-आठच होते.

मग केबिन झाडणाऱ्याला विचारलं, इथे रोज किती माणसं झोपतात.

तो माझ्याकडे बघत नव्हता. चपलांकडे बघत म्हणाला, दोन. साहेब म्हणाले, तू बघितलंस त्यांना? तो म्हणाला, बघितलं नाही, पण झोपतात. फार हलत नाहीत. उशी तेवढी चुरगळलेली असते.

बिचारा. माझी बाजू घ्यायला गेला आणि मला पुरतं अडकवलं.

साहेबांनी कागद काढला. म्हणाले, यादीत तुम्ही एकट्याच, म्हणून आमच्या ऑफिसने नियमाप्रमाणे तुमच्या तातडीच्या संपर्काला कळवलंय. त्यांनाही काही माहीत नाही.

तातडीचा संपर्क म्हणजे लेक. म्हणजे फोन गेला. म्हणजे कुलूप, मागची खोली, जिन्याची खिडकी. चौदा महिने जपलेलं घर असं एका वाक्यात गेलं. मला वाटलं आता मी काहीतरी चांगलं रचून सांगेन, पण डोक्यात काही येईना. आजच्या दिवसाचं सगळं खोटं संपलं होतं.

साहेबांनी पुन्हा विचारलं, बाई, तुमचे मिस्टर कुठे आहेत.

मी म्हटलं, वारले. चौदा महिने झाले.

एवढंच होतं ते. दोन सेकंदही लागले नाहीत.

साहेबांनी टोपी काढली. मदतनीसाने स्वेटर परत हँगरला लावला, खांदे नीट करून. नर्सबाईंनी मास्क खाली केला. पण साहेब कागदाचे माणूस. त्यांना राहवेना. म्हणाले, मग सकाळी साडेदहाला पोट कोणाचं बिघडलं?

कोणाचंच नाही, मी म्हटलं. लिहा, बाई खोटं बोलल्या.

तसा रकाना नाही, ते म्हणाले. शोधलं. गैरसमज असा एक होता. त्यावर खूण केली. मग कागद माझ्यापुढे ठेवला. केबिनमधील एकूण व्यक्ती, आणि पुढे रिकामी जागा. आकडा प्रवाशाने स्वतःच्या हाताने लिहायचा असतो.

मी १ लिहिला. सही केली. ती वाकडी आली. जहाज हलत होतं.

सगळे गेले. केबिन झाडणारा मागे राहिला. चपला जुळवून ठेवल्या. म्हणाला, उद्यापासून एकच उशी ठेवू का. मी म्हटलं, दोन असू देत, मानेला लागतात.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी सव्वापाच

लाउडस्पीकर: पोटाच्या त्रासाची शंका दूर झाली आहे. झारे आणि डाव परत ठेवले आहेत. वरून टाळ्यांचा आवाज आला.

चहाला गेले नाही. भूक नव्हती. दुसरा निश्चय आज प्रथमच पाळला.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसात

जेवणघराच्या दाराशी कितीतरी वेळ थांबले होते. वाटलं, आता सगळं जहाज कुजबुजणार, माना वळणार. एकही मान वळली नाही. सगळे स्वतःच्या हाताने वाढून घेत होते.

टेबलावर बसण्याआधीच, उभ्यानेच सांगितलं. माझे मिस्टर नाहीत. या जहाजावर नाहीत आणि कुठेच नाहीत. मी खोटं बोलले. होयबाच्या तोंडात घास होता. त्याला ठसका लागला नाही.

केमिस्टबाईंनी चमचा खाली ठेवला. मी मनाची तयारी करून ठेवली होती, सांत्वनाचीही आणि शिव्यांचीही. त्या म्हणाल्या, मग ते पाणी कोण प्यायलं.

मी म्हटलं, मी.

सगळी बाटली?

सगळी.

ब्लडप्रेशर वाढलं असेल ना हो तुमचं, एवढं मीठ, म्हणाल्या, आणि पर्समधून यंत्र काढून तिथेच माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा फुगत असताना माझा हात धरून ठेवला होता. फुगायचं थांबल्यावरही थोडा वेळ धरून होत्या. नाडी बघत असतील.

वाढप्याला कोणीतरी सांगितलं असावं. आला, मान झुकवली, चौथी खुर्ची उचलायला लागला. तेव्हा होयबा म्हणाला, नाही.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. बायकोसुद्धा. तीन दिवसांत पहिल्यांदाच हा शब्द. तो म्हणाला, असू दे खुर्ची. हिची पर्स ठेवायला होते.

पर्स ठेवली.

केबिनमध्ये आज काही पाठवलं नाही कोणी.

१५ नोव्हेंबर, सकाळी नऊ

उठल्यावर कादंबरीचं शेवटचं पान वाचलं. सरळ सहाशे बारावं. असं मी आयुष्यात केलं नव्हतं. थोरला भाऊ परत येतो. नाश्त्याला सांगून टाकलं. केमिस्टबाई म्हणाल्या, तुम्हाला विचारलं कोणी. होयबा म्हणाला, मग धाकट्याचं काय होतं.

ते मला माहीत नाही. बघावं लागेल.

१५ नोव्हेंबर, दुपारी पाऊण

वाचन: पान एकसष्ट. धाकटा घर सोडून गेलाय. मूर्ख आहे.

किनारा दिसायला लागला आणि फोन जागा झाला. लेकीचे तीन मेसेज, कालच्या दुपारचे. आई, जहाजाच्या ऑफिसमधून फोन होता. दुसरा: तुझ्या केबिनमध्ये कोणी पुरुष आहे म्हणतात, पाच-आठ उंची. तिसरा: आई, कोण आहे?

चौथा जावयांचा. आम्ही दोघंही मोकळ्या मनाचे आहोत. फक्त आधी कळवायला हवं होतं.

उत्तर चारदा लिहिलं. पहिलं, यादीत चूक झाली. दुसरं, शेजारच्या केबिनचा माणूस होता. तिसरं फारच लांबलं, त्यात नळ, स्वेटर आणि खुर्च्यांचा नियम आला. तिन्ही पुसली. चौथं पाठवलं:

तुझे बाबा. ते नाहीत असं काल मी लिहून दिलंय, सहीनिशी. भानगड झाली. ठरल्याप्रमाणे येते मागच्या खोलीत.

मग फोन पालथा ठेवला. सुलटा केला. पालथा केला.

अकरा मिनिटांनी उत्तर आलं. मागच्या खोलीत तुझ्या जावयाने व्यायामाची सायकल आणून ठेवली आहे. ती हलवायची की नाही ते तू सांग.

मी लिहिलं, राहू दे सायकल.

तिने लिहिलं, बरं. त्यानंतर बराच वेळ ती काहीतरी लिहीत असल्याचं दिसत होतं. थांबायचं, पुन्हा दिसायचं. शेवटी एवढंच आलं: जेवलीस का?

मी लिहिलं, हो.

जेवले नव्हते. पण लगेच वर जाऊन जेवले, म्हणजे ते खोटं राहिलं नाही. स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. एकच ताट.

चहा मात्र दोन कप. मला दोन कप लागतात.